सोळाशे की हजार? टूएम १२०७ बीच्या तापमानाचे प्रकरण

एकाच वस्तूचे तापमान दोन वाटांनी काढले आणि उत्तरांत सहाशे केल्विनचा फरक आला, तर चूक मोजणीत तरी असते किंवा आपण मनाशी धरलेल्या चित्रात तरी. टूएम १२०७ बी या सूर्यमालेबाहेरच्या, ग्रहाएवढ्या वस्तूच्या बाबतीत ती चित्रात होती. हे कळायला चार वर्षे गेली आणि नवे चित्र नीट उभे राहायला आणखी चौदा. तरुण सहचरांच्या, म्हणजे मोठ्या वस्तूभोवती फिरणाऱ्या लहान वस्तूंच्या, वातावरणाचा अभ्यास कसा चालतो, अवरक्त (इन्फ्रारेड) वर्णपट काय सांगतो आणि कुठे चकवतो, हे समजून घ्यायला याहून चांगले प्रकरण मला माहीत नाही. म्हणून ते सुरुवातीपासून मांडतो.

सापडला कसा

नरतुरंग तारकासमूहात टूएम १२०७ हा एक तपकिरी बटू आहे, म्हणजे ब्राउन ड्वार्फ. त्याचे वस्तुमान गुरूच्या साधारण २५ पट. गाभ्यात हायड्रोजन पेटवून तारा व्हायला एवढे पुरत नाही. तो टीडब्ल्यू हायड्री नावाच्या तरुण ताऱ्यांच्या गटातला आहे आणि गटाचे वय सुमारे १ कोटी वर्षे. सूर्याच्या ४६० कोटी वर्षांपुढे हे वय म्हणजे जन्मानंतरचे पहिले काही आठवडे.

एप्रिल २००४ मध्ये गेल शोव्हाँ यांच्या चमूने चिलीतील पारानालच्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपवरून या बटूकडे पाहिले. दुर्बीण ८.२ मीटरची येपुन, उपकरण नाको. बटूपासून ०.७८ विकला अंतरावर त्यांना एक तांबूस ठिपका दिसला, बटूपेक्षा सुमारे शंभरपट फिका. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. पृथ्वीच्या थरथरत्या हवेतून एवढा बारकावा दिसावा यासाठी आरसा क्षणोक्षणी वाकवावा लागतो आणि तो किती वाकवायचा हे एखाद्या तेजस्वी ताऱ्याकडे पाहून ठरते. टूएम १२०७ दृश्य प्रकाशात फार फिका. नेहमीच्या संवेदकाला तो पुरला नसता. नाकोचा संवेदक मात्र अवरक्तात चालत होता आणि अवरक्तात हा बटू पुरेसा उजळ आहे. शोध लागला तो या एका सोयीमुळे, असे मी म्हणेन.

शेजारी ठिपका दिसला म्हणजे सहचर मिळाला, असे नाही. मागचा एखादा दूरचा तारा योगायोगाने त्या रेषेत येऊ शकतो. २००५ च्या सुरुवातीला पुन्हा निरीक्षणे झाली. बटू आकाशात जसा सरकला तसाच ठिपकाही त्याच्याबरोबर सरकला होता. सूर्यमालेबाहेरचा, ग्रहाएवढ्या वस्तुमानाचा, थेट छायाचित्रात टिपलेला हा पहिला सहचर.

त्याला सरळ ग्रह म्हणायला बरेच जण बिचकतात आणि ते योग्यच आहे. वस्तुमान गुरूच्या पाच-सहा पट, म्हणजे ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) पेटण्याच्या १३ गुरूंच्या मर्यादेपेक्षा बरेच खाली. पण ज्याच्याभोवती तो आहे त्याचेच वस्तुमान जेमतेम २५ गुरूंचे. एकास पाच अशी जोडी धूळचकतीत ग्रह घडतो तशी घडत नाही. जोडतारे जसे एका ढगातून वेगळे होतात तशी ही घडली असावी. ‘ग्रहीय वस्तुमानाचा सहचर’ हा लांबलचक शब्दप्रयोग त्यासाठीच वापरतात.

वर्णपटातून काय दिसले

अशा वस्तू स्वतःच्या आतल्या उष्णतेने उजळतात. जन्मताना आकुंचनातून मिळालेली उष्णता त्या हळूहळू बाहेर टाकत असतात. तापमान हजार-बाराशे केल्विन असेल, तर सर्वांत जास्त ऊर्जा अडीच-तीन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास येते. म्हणून अवरक्त.

जमिनीवरून मात्र अवरक्तात सलग पाहता येत नाही. पृथ्वीच्या हवेतली वाफ मधले मधले पट्टे खाऊन टाकते आणि उरतात तीन खिडक्या: १.२५ मायक्रॉनभोवतीची जे, १.६५ भोवतीची एच आणि २.२ भोवतीची के. अडचण अशी की सहचराच्या वातावरणातही पाण्याची वाफच असते. ज्या रेणूची खूण शोधायची तोच वाटेत आडवा येतो.

तरीही या तीन खिडक्यांतून बरेच कळले. एच खिडकीतला वर्णपट त्रिकोणी होता, मधे टोक आणि दोन्हीकडे उतार. वयस्क बटूंत तिथे सपाट माथा दिसतो, कारण दाट वायूत हायड्रोजनचे रेणू एकमेकांवर आदळून प्रकाश शोषतात. गुरुत्व कमी असले की वायू विरळ राहतो, हे शोषण घटते आणि वाफेच्या दोन पट्ट्यांमधले टोक वर येते. म्हणजे त्रिकोण ही तारुण्याची खूण. तिथपर्यंत सगळे जुळत होते. मिथेनचा पत्ता नव्हता. आणि रंग विलक्षण तांबडा: जे आणि के यांतला फरक सुमारे ३ प्रती (प्रत हे तेजाचे माप, अडीच प्रती म्हणजे दहापट), जो वयस्क, एल या वर्णपटीय वर्गाच्या बटूंत सहसा २ च्या आत असतो.

गाठ कुठे पडली

२००७ मध्ये शुभंजॉय मोहंती आणि सहकाऱ्यांनी हा वर्णपट प्रारूपांशी, म्हणजे गणिताने काढलेल्या नमुना वातावरणांशी, ताडून पाहिला. त्या वेळी हाताशी मुख्यतः दोन टोकांची प्रारूपे होती. एकात घन झालेली सगळी धूळ वरच तरंगत राहते, दुसऱ्यात ती पूर्णपणे खाली बसून वातावरण स्वच्छ होते. स्वच्छ वातावरणाचे प्रारूप थंड केले की मिथेन उगवतो, जो इथे दिसत नव्हता. धुळीच्या प्रारूपाशी जुळणी बसली ती १६०० केल्विनला. तापमान १६००, वय ५० लाख ते एक कोटी वर्षे, तर वस्तुमान सुमारे ८ गुरू.

पण १६०० केल्विनची, एवढ्या वयाची वस्तू जितकी उजळ असायला हवी, त्याच्या दहापट फिका हा सहचर होता. एखाद्याच खिडकीत नाही, तर पाहिलेल्या सगळ्या तरंगलांबींत साधारण तेवढाच, अडीच प्रतींनी.

हा आकडा किती बोचरा आहे ते त्रिज्येत बदलून पाहिले की समजते. तेजस्विता ही पृष्ठफळ आणि तापमानाचा चौथा घात यांच्या गुणाकारावर ठरते. त्या काळच्या अंदाजाने टूएम १२०७ बीची तेजस्विता सूर्याच्या सुमारे ५४ हजाराव्या भागाइतकी होती. तीत १६०० केल्विन घातले तर त्रिज्या येते गुरूच्या ०.५५ पट, म्हणजे शनीहूनही लहान. गुरूच्या पाच-आठ पट वस्तुमान आणि अंगावर अजून जन्माची ऊब असलेला वायुगोल एवढा लहान असूच शकत नाही. तो गुरूपेक्षा मोठाच हवा. उलट, त्रिज्या गुरूच्या १.४ पट धरली, जी या वयाला शोभते, तर तापमान येते हजार केल्विन.

वर्णपटाचा आकार म्हणतो सोळाशे, एकूण तेज म्हणते हजार. प्रकरण ते हेच.

एक गोष्ट मला इथे मुद्दाम नोंदवायची आहे. वर्णपटाची जुळणी पाहताना डोळा रेषांच्या चढउतारावर खिळतो आणि उभ्या अक्षाचे माप ‘सोयीने सरकवले’ जाते. त्या सरकवण्यातच त्रिज्या दडलेली असते. मोहंतींच्या चमूने ती विसंगती लपवली नाही, पुढे मांडली. गाठ सुटायला सुरुवात तिथून झाली.

तीन उत्तरे

पहिले उत्तर त्याच चमूचे. सहचर खरोखर १६०० केल्विनचाच आहे, पण त्याच्याभोवती धुळीची चकती आहे, ती आपल्याला कडेवरून दिसते आणि ९० टक्के प्रकाश अडवते. साधी धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, तांबडा कमी. इथे सगळ्या तरंगलांबी सारख्याच मंद झालेल्या, म्हणून धुळीचे कण भरड मानावे लागले. चकती बरोबर कडेवर आणि कण बरोबर तेवढे भरड, अशा दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात.

दुसरे उत्तर एरिक मामायेक आणि मायकेल मेयर यांचे, तेही २००७ चेच: त्रिज्या खरीच लहान आहे. आपण पाहतो तो एक लहान ग्रह, ज्यावर नुकतीच मोठी टक्कर झाली आणि जो त्या आघाताने अजून तापलेला आहे. कल्पना धीट होती आणि तपासता येण्याजोगी होती. लहान वस्तुमानामुळे पृष्ठीय गुरुत्व फारच कमी निघायला हवे, असा तिचा अर्थ होत होता. पण अशी धग वैश्विक मोजपट्टीवर थोडाच काळ टिकते आणि नेमकी तेव्हाच आपली दुर्बीण तिकडे वळावी, हे पटायला जड होते.

तिसरे उत्तर २०११ मध्ये आले, दोन चमूंकडून. अँड्र्यू स्केमर आणि सहकाऱ्यांनी कडेवरच्या चकतीविरुद्धचे पुरावे मांडून दाट ढगांकडे बोट दाखवले. ट्रॅव्हिस बारमन आणि सहकाऱ्यांनी ढग आणि असमतोल रसायन एकत्र घेतले आणि १००० केल्विनलाच वर्णपट जुळवून दाखवला. मधल्या काळात एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे ग्रह सापडले होते. त्यांतला बी हा ग्रहही असाच तांबडा आणि असाच अपेक्षेपेक्षा फिका निघाला होता. एका वस्तूसाठी चकती कडेवर मानता येते. दुसऱ्यातही तेच दिसले की योगायोगावर भिस्त ठेवता येत नाही.

ढग इथे काय करतात? वातावरण स्वच्छ असेल तर जे खिडकीतून आपली नजर खोलवर, तापलेल्या थरापर्यंत पोचते. लोखंड आणि सिलिकेट घन होऊन त्यांचे दाट ढग वर साचले की ती वाट बुजते. जे खिडकी मंदावते, अडलेली ऊर्जा लांब तरंगलांबींतून बाहेर पडते आणि वस्तू तांबडी दिसते. रेणूंचे खोल शोषणपट्टे उथळ होतात आणि अशा उथळ पट्ट्यांचा वर्णपट अधिक तापलेल्या बटूसारखा भासतो. वयस्क वस्तूंत हे ढग १३००–१४०० केल्विनच्या खाली दिसेनासे होऊ लागतात. तरुण, कमी गुरुत्वाच्या वातावरणात मात्र ते आणखी थंड तापमानापर्यंत वरच टिकतात.

आणि मिथेन? हजार केल्विनला, समतोल असेल तर, कार्बनचा मोठा वाटा मिथेनमध्ये असायला हवा. पण कार्बन मोनॉक्साइडपासून मिथेन बनण्याची क्रिया थंड थरांत अतिशय मंद चालते. खालच्या तापलेल्या थरातून मोनॉक्साइड वर उसळत राहिला, तर त्याचे मिथेन व्हायला सवडच मिळत नाही. खाली ठरलेले प्रमाण तसेच वर येऊन गोठते. हाच तो असमतोल.

या मांडणीत मला सर्वांत भावते ते हे, की तिने सहचरासाठी खास असे काहीच मागितले नाही. ढग, कमी गुरुत्व आणि वायूचे वरखाली घुसळणे, तिन्ही त्या वयाच्या वस्तूत असणारच.

मधेच बदललेले अंतर

आतापर्यंतचे सगळे हिशेब अंतरावर टेकलेले होते आणि अंतर दोनदा बदलले. शोधाच्या वेळी अंदाज ७० पार्सेकचा (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे). नंतर पराशय, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना दिसणारे बटूचे किंचित सरकणे, मोजून ५२.४ पार्सेक ठरले. २०११ चे हिशेब त्यावरचे. गाया उपग्रहाच्या मोजणीने ते झाले सुमारे ६४.५ पार्सेक, म्हणजे २१० प्रकाशवर्षे. बटू आणि सहचर यांच्यातले दृश्य अंतरही त्याबरोबर ५५, मग ४१, मग ५० खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) असे हलत राहिले.

५२.४ चे ६४.५ झाले की तेजस्विता दीडपट होते. त्रिज्या तीच ठेवली तर हजार केल्विनचे अकराशे होतात. सोळाशेची गाठ एवढ्याने सुटली नसती, पण हजार हा आकडाही दगडावरची रेघ नव्हता, हे इथे दिसते.

वेबचा वर्णपट

२०२३ मध्ये केव्हिन लुमन आणि सहकाऱ्यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या नीरस्पेक उपकरणाने घेतलेला १ ते ५ मायक्रॉनचा वर्णपट प्रसिद्ध केला. मधे हवा नाही, त्यामुळे खिडक्या नाहीत, सलग पट. हे उपकरण चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा वेगळा वर्णपट देते, त्यामुळे शेजारच्या बटूचा सांडलेला प्रकाश मोजून वजा करता येतो.

सलगपणाचे मोल किती, याचा एक ढोबळ हिशेब. १२०० केल्विनच्या कृष्णिकेची, म्हणजे केवळ तापमानानुसार प्रकाशणाऱ्या आदर्श वस्तूची, सुमारे तीन-चतुर्थांश ऊर्जा १ ते ५ मायक्रॉनमध्ये येते. जमिनीवरच्या जे ते के या पट्ट्यात, मधल्या फटी धरूनही, येते जेमतेम एक-चतुर्थांश. म्हणजे १६०० हे उत्तर वस्तूच्या एक-चतुर्थांश प्रकाशावरून काढलेले होते आणि तो एक-चतुर्थांश नेमका ढगांनी सर्वांत जास्त बिघडवलेला भाग होता.

वेबवरून तेजस्विता आली सूर्याच्या सुमारे २९ हजाराव्या भागाइतकी. त्यावरून वस्तुमान ५ ते ६ गुरू आणि उत्क्रांतीच्या प्रारूपांनुसार तापमान १२०० केल्विन. ३.३ मायक्रॉनवरचा मिथेनचा मुख्य पट्टा गायब होता, हे अपेक्षितच. पण ४.६ मायक्रॉनभोवतीचा कार्बन मोनॉक्साइडचा मुख्य पट्टाही अशक्त निघाला. ते कोणी धरले नव्हते. मिथेन नाही कारण कार्बन मोनॉक्साइडमध्ये आहे, असे म्हणावे, तर मोनॉक्साइडही ठळक दिसत नाही.

या चमूला वर्णपटाचा एकूण आकार जुळला तो ढग नसलेल्या एका प्रारूपाने, १३०० केल्विनला. ढगांऐवजी त्यात उंचीनुसार बदलणारा तापमानाचा उतार सौम्य केलेला असतो. खालचा तापलेला थर मुळातच कमी तापलेला असेल, तरी जे खिडकी मंद दिसते. मघाची कसोटी इथेही लावू: ही तेजस्विता आणि १३०० केल्विन यांतून त्रिज्या येते गुरूच्या १.१ पट, आणि वयाला हवी १.३. सोळाशेच्या वेळेइतकी विसंगती नाही, पण बाजू तीच: तापमान जास्त, गोल लहान. ढग घातल्यास हे मिटू शकेल, असे त्या चमूनेच लिहून ठेवले.

याच वर्णपटात हायड्रोजनच्या, पाशेन नावाच्या मालिकेतल्या उत्सर्जन (उजळ) रेषा आणि १.०८३ मायक्रॉनवरची हीलियमची उत्सर्जन रेषा दिसल्या. सहचर अजून भोवतालचा वायू ओढून घेतो आहे, असा त्याचा अर्थ. वायू येतो म्हणजे चकती हवी. २००७ मध्ये ज्या चकतीवर प्रकाश अडवल्याचा आळ होता, तिचा पहिला पुरावा असा सोळा वर्षांनी आला. फक्त तिच्याकडे ते काम नव्हते. चिलीतील आल्मा या रेडिओ दुर्बिणींना याआधी मुख्य बटूभोवती सुमारे ९ खगोलीय एकक त्रिज्येची धूळचकती दिसली होती, सहचराजवळ मात्र धुळीचा मागमूस नव्हता. असलीच तर फार थोडी.

नऊ टक्के

२०१६ मध्ये यीफान झोउ आणि सहकाऱ्यांनी हबलमधून बीचे तेज तासन्‌तास मोजले होते. ते एक-दीड टक्क्याने कमीजास्त होत होते आणि त्यावरून फिरण्याचा काळ निघाला सुमारे १०.७ तास. गोल फिरताना तेज बदलते म्हणजे त्याची सगळी बाजू सारखी नाही. हा निष्कर्ष हाताशी असूनही वर्णपटाची जुळणी करताना पुष्कळदा एकसारखे वातावरणच धरले जाई. एक तापमान, एक ढगथर. गणित त्याने आवाक्यात राहते, हे खरे.

२०२५ मध्ये झोउजियान झांग आणि सहकाऱ्यांनी ती अट काढली. वेबचाच वर्णपट घेऊन त्यांनी २४ वेगवेगळ्या गृहीतकांनी वातावरण उलट दिशेने काढून पाहिले: एकसारखे, तुटक ढगांचे, तापलेल्या डागांचे, दोन्हींचे. सर्वांत पटणारी जुळणी तुटक ढगांची निघाली. वातावरणाच्या सुमारे ९१ टक्के भागावर लोखंड आणि सिलिकेटचे दाट ढग, ज्यांतून येणारा प्रकाश जवळजवळ नितळ, रेषाहीन. उरलेल्या ९ टक्क्यांवर लोखंडाचे विरळ ढग, जिथून एल वर्गाच्या बटूसारखा रेणूंच्या खुणांनी भरलेला वर्णपट येतो. गुरूवरच्या फिकट आणि गडद पट्ट्यांशी त्यांनी याची तुलना केली आहे.

आपल्याला दिसते ती या दोहोंची बेरीज. कार्बन मोनॉक्साइडचा पट्टा अशक्त का, याचे उत्तर त्यातच आहे: मोनॉक्साइड भरपूर आहे, पण रेषाहीन ९१ टक्के त्यात मिसळल्याने पट्ट्याची खोली भरून जाते. मिथेन नसण्याचे कारण वातावरणाची तापलेली घडण, जीत कार्बन मोनॉक्साइडच टिकतो. तेज बदलण्याचे प्रमाणही याच मांडणीत बसते. कार्बन आणि ऑक्सिजन यांचे गुणोत्तर ०.४४, जड मूलद्रव्ये जवळपास सूर्याइतकीच. ताऱ्यासारख्या जन्माच्या कल्पनेला हे सोयीचेच आहे.

तापमान आले सुमारे ११७४ केल्विन, त्रिज्या गुरूच्या १.४ पट. दोन्ही गुणून पाहिले तर तेजस्विता सूर्याच्या २८ हजाराव्या भागाइतकी येते, जी थेट मोजलेल्या २९ हजाराव्या भागाशी चांगली जुळते. २००७ ची गाठ इथे सुटली, असे मी धरतो.

मात्र कसोटी लावायचीच तर शेवटपर्यंत लावली पाहिजे. याच जुळणीत गुरुत्वाचा (सेंटिमीटरांत मोजलेल्या) लॉगॅरिथम ३.६२ आला आहे, म्हणजे पृष्ठावर सेकंदाला सेकंदाला सुमारे ४२ मीटर. १.४ गुरू-त्रिज्येबरोबर तो घेतला तर वस्तुमान निघते ३.३ गुरू. तेजस्विता आणि वय यांवरून ते आले होते ५ ते ६. दोन्ही जुळायला लॉगॅरिथम ३.८ च्या थोडा वर हवा. फरक सहाशे केल्विनएवढा नाही, पण जुळणीने स्वतःसाठी सांगितलेल्या त्रुटीपेक्षा पुष्कळ मोठा आहे. त्रिकोणी एच पट्टा गुरुत्व सांगतो खरा, पण दाट ढग त्यालाही सपाट करतात. माझा संशय तिथे आहे. कक्षेवरून वजन करून हा वाद मिटवावा म्हटले, तर ५० खगोलीय एककांवर एक फेरी पुरी व्हायला सुमारे दोन हजार वर्षे लागतात आणि २००४ पासून आपण तिचा फक्त एक टक्का पाहिला आहे.